सत्तेचाळिसावी शाळा

जानेवारी लागला की रस्ता सुरक्षा पथकाच्या जीपमध्ये माणसांना बसायला जागा उरत नसे. बॅनर, स्पीकर, नारळ, शाली, शपथेचे छापील कागद आणि गुलाबांनी भरलेली प्लॅस्टिकची बादली. हेल्मेट न घातलेला माणूस दिसला की दंड करायचा नाही, फूल द्यायचं आणि हात जोडायचे, असा महिनाभराचा वरून आलेला आदेश. औशाकडची माणसं मोठी दिलदार. फूल घेत, गाडीच्या आरशाला खोचत आणि उघड्या डोक्यानं पुढे निघून जात. एकानं तर परत येताना मुद्दाम थांबून दुसरं मागून घेतलं. बायको रुसलीय म्हणाला.

फुलांचा काडीचा उपयोग होत नाही, हे काळेमळा पाटीवरच्या, म्हणजे फाट्यावरच्या, त्या पथकात सगळ्यांना ठाऊक होतं. उपयोग होत होता तो विशाखाचा.

विशाखा पथकातली शिपाई, वय चौतीस. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा आनंदराज औसा-किल्लारी रस्त्यावर अपघातात गेला. शाळेत कार्यक्रम असला की आधी पथकाचे प्रमुख बिराजदार साहेब आकडे सांगत, मग शपथ होई आणि शेवटी विशाखा माईकसमोर उभी राही. माझे मिस्टर ग्रामसेवक होते, ती सांगे. जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता, म्हणून त्या दिवशी त्यांनी हेल्मेट घरी खुंटीलाच ठेवलं. ते हेल्मेट अजून खुंटीला आहे, मिस्टर नाहीत. इथे मुली रडू लागत, मागच्या बाकांवरची टवाळ पोरं मान खाली घालत आणि मुख्याध्यापक खिशातला रुमाल शोधत. पाच मिनिटांचा मजकूर. चार वर्षांत सेहेचाळीस शाळा झाल्या होत्या.

ग्रामसेवक होते हे खरं होतं. खुंटीचं साफ खोटं होतं.

आनंदराजच्या डोक्यावर हेल्मेट होतं. रोज असायचं, कारण त्याशिवाय त्याला घरातून सुटकाच नव्हती. सकाळी तो पायरीवर उकिडवा बसे, हनुवटी वर करी आणि त्याची सहा वर्षांची मुलगी महामाया दोन्ही अंगठ्यांनी दाबून पट्ट्याची क्लिप लावी. टच्च असा आवाज आला की म्हणे, आता जावा. माया मॅडमचं सील लागल्याशिवाय ग्रामपंचायत उघडत नाही, असं तो गावभर सांगत फिरे. त्या दिवशीही सील लागलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो परत येत असताना रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची एक पट्टी नाही, ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. ट्रॉलीचा लोखंडी कोपरा आनंदराजच्या छातीत घुसला. तिथे हेल्मेट काय करणार.

मग खोटं सुरू कसं झालं? तर स्टेजवरच्या भिडेनं.

पहिल्या शाळेत विशाखाला फक्त शपथ वाचायची होती. पण तिथले मुख्याध्यापक बोलण्याचे शौकीन. कुणीतरी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती, या ताईंचे पती अपघातात वारले. हेल्मेटचा कार्यक्रम, त्यात अपघातात वारलेला नवरा, पुढचं त्यांनी स्वतःच जुळवलं. हेल्मेट न घातल्यामुळे जिचा संसार उघड्यावर पडला अशी एक भगिनी आज आपल्यात आहे, असं म्हणून त्यांनी माईक तिच्या हातात दिला. समोर चारशे पोरं, शेजारी साहेब, पलीकडे सरपंच. मुख्याध्यापकांना त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच स्टेजवर, तुमचं चुकलं असं कसं म्हणायचं? विशाखा म्हणाली, "सरांनी सांगितलं तसं..." आणि खुंटी कुठून आली ते तिलाही कळलं नाही. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याच वेळी हलकंही वाटलं. ते मरण टाळता आलं असतं असं त्या पाच मिनिटांत तिला स्वतःलाच वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी तिनं साहेबांना खरं सांगितलं. बिराजदार साहेब वाईट माणूस नव्हते, हीच अडचण होती. वाईट असते तर तिला त्यांच्याशी भांडता आलं असतं. रस्त्यावरची रक्ताची थारोळी स्वतः पाण्यानं धुतलेला माणूस तो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ट्रॉलीचं सांगितलं तर ती पोरं काय करणार? ट्रॉली त्यांच्या हातात नाही. हेल्मेट आहे." शिवाय या पथकात रात्रपाळी नव्हती, सण-मिरवणुकांचा बंदोबस्त नव्हता, सहाला घरी जाता यायचं. घरी माया होती आणि गुडघ्यांनी अधू झालेली सासू पार्वतीबाई. ही बदली साहेबांनीच मागून घेऊन दिली होती. तेव्हा दुसऱ्या शाळेत खुंटी आली, तिसऱ्या शाळेत आली, आणि दहाव्या शाळेत कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हेही तिला जमू लागलं.

साहेबांनी तिचा व्हिडिओ पथकाच्या पानावर टाकला. लाखभर लोकांनी पाहिला. एक दिवस मुदखेडहून गुणाबाई नावाच्या बाईचा फोन आला. तिनं तो व्हिडिओ पाहून पोराच्या मागे लागून हेल्मेट घ्यायला लावलं होतं. टेम्पोनं उडवलं, हेल्मेट तडकलं, पोरगं शाबूत. "तुझ्या मालकानं माझं लेकरू वाचवलं गं बाई," असं म्हणून ती फोनवरच रडायला लागली. विशाखानं फोन ठेवला. आता खरं सांगायची उरलीसुरली वाटही बंद झाली होती. या बाईला काय सांगणार, की तुझं लेकरू खोट्यावर वाचलंय?

यंदाच्या जानेवारीत दुसरा फोन आला. औशाच्या कोर्टातून, सरकारी वकील आरती मॅडमचा. आनंदराजचा खटला पाच वर्षं रखडला होता, तो आता साक्षीला लागला होता. हेल्मेटच्या जप्तीच्या दोन पंचांपैकी एक वारला होता, दुसरा फितूर झाला होता. दवाखान्यात हेल्मेट नर्सकडून हातात घेऊन पोलिसांना दिलं होतं ते विशाखानं, त्यामुळे सगळी मदार तिच्या साक्षीवर होती. पण आरोपीच्या वकिलानं आता एक व्हिडिओ दाखल केला होता.

"तुमचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं असं, की बायको स्वतः सांगते हेल्मेट घरी होतं. मग जप्तीत दाखवलेलं हेल्मेट पोलिसांनी मागाहून आणून ठेवलं. हेल्मेट खोटं म्हणजे सगळा पंचनामा खोटा. ट्रॉलीला रेडियम नव्हतं हेसुद्धा खोटं."

तिनं विचारलं, आता मी काय करू? मॅडम म्हणाल्या, खरं काय ते सांगा. वकिलांना हे सांगायला सोपं असतं.

ती साहेबांकडे गेली. ते केबिनमध्ये नांदेडच्या कार्यक्रमाची पत्रिका बघत होते. पथकाला बक्षीस मिळणार होतं, व्हिडिओसाठीच. साहेबांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला तिनं पाहिला. कोर्टात व्हिडिओ खोटा म्हणालीस तर चौकशी लागेल, ते म्हणाले. तुझी लागेल, माझी लागेल. सेहेचाळीस शाळांमधली पोरं म्हणतील, पोलीस खोटं बोलून रडवतात. आणि उद्यापासून हेल्मेटचं कुणी ऐकणार नाही. आठवत नाही म्हणून सांग, पाच वर्षं झाली, माणूस विसरतो. तिनं विचारलं, नवऱ्याच्या डोक्यावर काय होतं ते बायको विसरते का? साहेब पत्रिकेकडे बघत म्हणाले, "ताई, तू बंदोबस्ताला परत गेलीस तर मायाचं काय, याचाही विचार कर." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. त्यांना खरोखरच काळजी होती, म्हणून ती आणखीच अडकली.

त्यात शुक्रवारची शाळा निघाली ती मायाची.

आजवर औसा शहरातल्या शाळा तिनं युक्तीनं टाळल्या होत्या. कधी पोट दुखलं, कधी पार्वतीबाईंना दवाखान्यात न्यायचं निघालं. या वेळी यादी वरून आली आणि तिच्या नावासकट आली. मुख्याध्यापिकेनं व्हिडिओवाल्या ताईच हव्यात असं लेखी कळवलं होतं. कार्यक्रम आठवी ते दहावीचा होता आणि माया पाचवीत. तेवढ्या आशेवर विशाखा गेली. तिथे पोचून बघते तर मांडव मोठा घातलाय आणि तो भरावा म्हणून शाळेनं पाचवीपासूनची सगळी पोरं आणून बसवलीत. माया तिसऱ्या रांगेत होती. आईला बघून तिनं शेजारच्या मैत्रिणीला कोपरानं ढोसलं आणि ऐटीत ताठ बसली.

विशाखानं ठरवलं, आज फक्त शपथ. पण साहेबांनी माईक पुढे केला, फोन वर करून बाई-मास्तर उभे राहिले आणि तिच्या तोंडानं आपणहून सुरुवात केली. माझे मिस्टर ग्रामसेवक होते. ती मनात म्हणत होती, थांब, थांब. तोंड पुढे जात होतं. चार वर्षांची सवय, आवाजसुद्धा नेमक्या जागी खाली आला. खुंटी आली. पोरी रडायला लागल्या. मायाच्या मैत्रिणीनंही डोळे पुसले. माया तेवढी रडली नाही. ती स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांकडे बघत होती.

घरी आल्यावर माया जेवली, गृहपाठ केला, आजीच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं. असं शहाण्यासारखं ती कधी वागत नसे. मग दप्तर मांडीवर घेऊन त्याच्या पट्ट्याची क्लिप लावत काढत बसली. टच्च. टच्च. विशाखा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"आई," माया म्हणाली, "त्या दिशी मी क्लिप लावली न्हवती का?"

विशाखाला वाटलं, परातीतलं पीठ, चूल, घर, सगळं आपल्या अंगावर येतंय. ती तशीच पिठाच्या हातानं उठली, मायाजवळ बसली आणि म्हणाली, लावली होतीस. मी बघितलं होतं. पप्पांनी हेल्मेट घातलं होतं.

"मग शाळेत तसं का म्हणलीस?"

शाळेत मी खोटं बोलले, विशाखानं सांगितलं. माया तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तिला आईची कीव आलेली दिसत होती.

"पोलीस माईकवर खोटं बोलत न्हाईत," ती समजुतीनं म्हणाली. "तू आता खोटं बोलायलीस. मला वाईट वाटू नये म्हणून."

विशाखानं शपथ घेतली. मायानं तीही ऐकून घेतली आणि दप्तर उचलून आत गेली. पार्वतीबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्यांना फोनवरचे व्हिडिओ कळत नसत, सून शाळेत काय बोलते हे त्यांना त्या दिवशीच कळलं. आनंदराजच्या फोटोकडे बघत त्या म्हणाल्या, "माझा लेक शाना होता, विशाखा. त्याला सगळ्या मुलखात येडा करून ठिवलंस. ते मी गिळलं असतं. पन हे लेकरू आता जन्मभर सोताला धरून बसंल."

रविवारभर तिनं घरात उत्तर शोधलं. फोटो, कागद, काहीही, जे मायाला दाखवता येईल. काही नव्हतं. मायाला पटेल अशी एकच वस्तू जगात होती. त्या संध्याकाळी दवाखान्यात आनंदराजची हनुवटी सुजली होती, क्लिप दाबली जाईना, म्हणून नर्सनं कात्रीनं पट्टा कापून हेल्मेट काढलं होतं. ते विशाखाच्या हातात आलं तेव्हा पट्टा दोन तुकडे झालेला होता आणि क्लिप लागलेली होती. मुद्देमालाच्या खोलीत, पांढऱ्या कापडात शिवलेलं, लाखेचं सील मारलेलं ते पाच वर्षं पडून होतं. तिला ते फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून बघायला मिळणार होतं.

मंगळवारी साक्षीची तारीख होती, तिनं मायाची शाळा बुडवली. पार्वतीबाई काठी टेकत बरोबर निघाल्या. कोर्टात मागच्या बाकावर दोघी बसल्या. ट्रॉलीचा ड्रायव्हर दगडोबा एका बाजूला हात जोडून उभा होता, अंग आक्रसून. त्याच्याकडे बघून विशाखाला वाटत होतं तितका राग आला नाही. तिनं साक्ष दिली. दवाखाना, नर्स, हेल्मेट. मग आरोपीचे वकील उठले. हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. भर कोर्टात विशाखाचाच आवाज घुमला, खुंटीपाशी नेमका खाली आला.

"या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग हे खरं, का आत्ता सांगताय ते?"

"आत्ताचं."

"म्हणजे पोलीस खात्याच्या गणवेशात तुम्ही मुलांसमोर खोटं बोललात. किती वेळा?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. साहेबांनी शिकवलं होतं. मागच्या बाकावर माया दप्तर पोटाशी धरून बसली होती.

"सत्तेचाळीस वेळा," विशाखा म्हणाली.

वकील न्यायाधीशांकडे वळले. सत्तेचाळीस वेळा खोटं बोललेली साक्षीदार अठ्ठेचाळिसाव्या वेळी खरं बोलतेय असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे, माझे प्रश्न संपले, असं म्हणून ते खाली बसले. दगडोबानं पहिल्यांदाच मान वर केली. विशाखाला कळलं, इथून सुटायला दारच ठेवलेलं नाही. खोटं बोलली असती तर नवऱ्याचं नाव गेलं असतं, खरं बोलली तर खटला हातचा चाललाय. हे दार तिनं स्वतःच्या हातानं, एकेका शाळेत, लावून घेतलं होतं.

आरती मॅडम उठल्या आणि मुद्देमाल दाखवायची परवानगी मागितली. कारकुनानं गाठोडं आणलं, लाख फोडली, कापड उसवलं. हेल्मेट टेबलावर आलं. विशाखानं आधी त्याच्या उजव्या बाजूचा ओरखडा ओळखला, मग आत अडकलेला एक केस दिसला आणि तिनं नजर वळवली. ओळखता का, मॅडमनी विचारलं. हो, ती म्हणाली, माझ्या नवऱ्याचं. पट्ट्याची स्थिती सांगा. पट्टा कापलेला आहे, ती म्हणाली, आणि क्लिप बंद आहे. न्यायाधीशांनी चष्मा पुढे घेऊन बघितलं आणि टंकलेखकाला तसं लिहून घ्यायला सांगितलं. त्याचा पुढे काय उपयोग होईल ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

साक्ष संपली. ती पिंजऱ्यातून उतरली तेव्हा खिशातला फोन थरथरला. बिराजदार साहेबांचा मेसेज होता. कोर्टातली बातमी पाटीवरच्या पथकात पोचायला दहा मिनिटंही लागली नव्हती. उद्यापासून लातूरला मुख्यालयात हजर व्हावे, एवढंच लिहिलं होतं; म्हणजे पुन्हा बंदोबस्त. तिनं फोन परत खिशात टाकला.

कारकून हेल्मेट कापडात गुंडाळत होता. माया कधी उठली, बाकांमधून कशी आली, कुणाला कळलं नाही. ती टेबलाजवळ येऊन उभी होती. हात लावायचा नाही, कारकून म्हणाला, पण गुंडाळायचा थांबला. मायानं हात मागे बांधले आणि वाकून, अगदी जवळून, लोंबणाऱ्या पट्ट्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"लागलेलीच हाय," ती म्हणाली.

"हाव," विशाखा म्हणाली.

कारकुनानं कापड ओढलं आणि सुईत दोरा ओवू लागला.